त्या दिवशी तुम्ही कुठे होता?

ब्राझीलच्या दक्षिणेला सांता कातारिना राज्यात शोक्लेंग नावाचा एक छोटा आदिवासी समाज राहतो. या समाजाची जमीन अनेक वर्षे एकाच प्रश्नापाशी अडून राहिली: ५ ऑक्टोबर १९८८ या दिवशी तुम्ही त्या जमिनीवर प्रत्यक्ष वसलेले होता का? असाल तर जमीन तुमची, नसाल तर दावा संपला. का नव्हता, तुम्हाला तिथून कोणी हुसकावले, किती जणांना मारले, याची विचारपूस या प्रश्नात बसत नाही. तिकडे या युक्तिवादाला ‘मार्को तेम्पोराल’ म्हणतात. जंगलतोडीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर करवती, बुलडोझर, वणवे आणि उपग्रहाने टिपलेली उजाड रानांची चित्रे येतात. तारीख कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. ब्राझीलची जंगले उभी राहणार की आडवी होणार, हे ठरवण्यात या तारखेचा वाटा करवतीपेक्षा कमी नाही, असे मला वाटते. आणि आपल्याकडच्या वनहक्काच्या लढाईतही तारखांनी बरेच असेच काम केले आहे.

५ ऑक्टोबर १९८८ हा मुळात आदिवासींच्या विजयाचा दिवस. एकवीस वर्षांच्या लष्करी राजवटीतून बाहेर पडलेल्या ब्राझीलची नवी राज्यघटना त्या दिवशी लागू झाली. ती घडत असताना देशभरातून आदिवासी राजधानी ब्रासिलियात येऊन आपली बाजू मांडत होते. सप्टेंबर १९८७ मध्ये आयल्तोन क्रेनाक हा तरुण कार्यकर्ता पांढरा सूट घालून घटना समितीसमोर उभा राहिला आणि बोलता बोलता जेनिपापो फळाचा काळा रंग आपल्या चेहऱ्यावर फासत गेला. शोक व्यक्त करण्याची ती खूण होती. अशा लढ्यांतून घटनेचे २३१ वे कलम आकाराला आले. परंपरेने राहत आलेल्या जमिनींवरचा आदिवासींचा हक्क या कलमाने मूळचा मानला आहे, म्हणजे राज्यसंस्था अस्तित्वात येण्याच्याही आधीचा. सरकार हा हक्क बहाल करत नाही. तो आहेच, हे मान्य करून हद्द आखून देणे आणि तिचे रक्षण करणे एवढेच सरकारचे काम. हद्दी आखण्यासाठी घटनेने पाच वर्षांची मुदतही दिली होती. ती १९९३ मध्ये उलटली, त्यालाही आता तीस वर्षे होऊन गेली, आणि कितीतरी समाजांच्या जमिनींची फाईल अजून कुठल्या ना कुठल्या टेबलावर आहे. सरकारने स्वतःची मुदत चुकवली, त्याची शिक्षा कुणाला झाली नाही. आदिवासींना मात्र त्याच घटनेच्या तारखेला बांधून घालण्याचा उद्योग पुढे सुरू झाला.

त्याची सुरुवात एका चांगल्या निकालातून झाली. उत्तरेकडच्या रोराइमा राज्यात रापोझा सेरा दो सोल नावाचा सुमारे १७ लाख हेक्टरांचा आदिवासी प्रदेश आहे. तिथे भाताचे मोठे मळे करून बसलेल्या बाहेरच्या शेतमालकांनी हद्दीला आव्हान दिले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींच्या बाजूने कौल दिला आणि मळेवाल्यांना निघावे लागले. पण निकालाच्या विवेचनात, जमीन परंपरागत ताब्यात होती की नाही हे घटना लागू झाली त्या दिवसाच्या स्थितीवरून पाहावे, असे सूत्र आले. सोया, ऊस आणि गुराढोरांच्या बड्या धंद्यातल्या लोकांच्या वकिलांनी ते सूत्र नेमके उचलले. त्या निकालातला आदिवासींच्या हिताचा भाग बाजूला राहिला आणि तारीख तेवढी देशभरच्या न्यायालयांत फिरू लागली.

ही तारीख काय करते ते पाहायचे तर मातो ग्रोसो दो सूल राज्यातल्या गुआरानी-कायोवा समाजाकडे पाहावे. १९१५ ते १९२८ या काळात सरकारी आदिवासी संरक्षण खात्याने या समाजाला आठ लहान राखीव वस्त्यांत गोळा केले. त्यांची बाकीची जमीन मोकळी झाली आणि सरकारने ती गुरांच्या मळ्यांसाठी वाटली. पुढे तिथे सोया आणि ऊस आला. म्हणजे ५ ऑक्टोबर १९८८ रोजी गुआरानी-कायोवा कुठे होते? कोंबून भरलेल्या राखीव वस्त्यांत, स्वतःच्याच पूर्वजांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मळ्यांत मजूर म्हणून, किंवा महामार्गाच्या कडेला प्लास्टिकच्या पालांत. सरकारनेच त्यांना तिथे नेले होते. तरीही २०१४ मध्ये गुइरारोका या त्यांच्या प्रदेशाची हद्द सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने याच तारखेच्या आधारावर रद्द ठरवली.

या नियमाला एक अपवाद ठेवला होता. त्या दिवशी तुम्ही जमिनीवर नसलात, पण ती परत मिळवण्यासाठी तुमचा प्रत्यक्ष संघर्ष चालू असेल किंवा कोर्टात दावा चालू असेल, तर तुमचा हक्क शाबूत राहील. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण ब्राझीलच्या १९१६ च्या नागरी संहितेने आदिवासींना अर्धसक्षम ठरवून सरकारी पालकत्वाखाली ठेवले होते. त्यांच्या वतीने व्यवहार करायचा तो पालकाने. त्या पालकाचा हात न धरता, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या बळावर कोर्टात उभे राहण्याची मोकळीक त्यांना दिली ती नव्या घटनेच्या २३२ व्या कलमाने, म्हणजे ५ ऑक्टोबर १९८८ रोजी. ज्या दिवशी कोर्टाचे दार उघडले त्याच दिवशी, तुम्ही आधीपासून आत का नव्हता, असे त्यांना विचारले गेले.

आणि हा पालक कसा होता? १९६७ मध्ये सरकारच्याच आदेशावरून आदिवासी संरक्षण खात्याची चौकशी झाली. फिगेइरेदो अहवाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुमारे ७ हजार पानांच्या त्या दस्तऐवजात हत्या, छळ, वेठबिगारी आणि जमीनचोरी यांत खात्याच्या माणसांचा हात असल्याच्या नोंदी आहेत. खाते बरखास्त करावे लागले. अहवाल आगीत नष्ट झाला, असे पुढे कित्येक दशके समजले जात होते. २०१३ मध्ये तो सापडल्याची बातमी जगभर गेली. २०१४ मध्ये राष्ट्रीय सत्य आयोगाने आपला निष्कर्ष मांडला, की १९४६ ते १९८८ या काळात सरकारच्या कृतीमुळे किंवा दुर्लक्षामुळे किमान ८,३५० आदिवासी मृत्युमुखी पडले. आयोगाला ज्या थोड्या समाजांचा अभ्यास करता आला, तेवढ्यांचाच हा आकडा आहे. ज्या बेचाळीस वर्षांत हे घडले त्यांच्या अखेरच्या दिवशी हजेरी घ्यायची आणि गैरहजर असतील त्यांची नावे पटावरून कायमची कमी करायची, असा मार्को तेम्पोरालचा अर्थ होतो.

शोक्लेंगांचा इतिहास याहून जुना आहे. हे लोक ऋतूप्रमाणे फिरणारे होते. डोंगरमाथ्यावरच्या अरौकारिया वृक्षांच्या बिया पिकल्या की वर जायचे, एरवी खालच्या दऱ्यांतल्या दाट रानात शिकार करायची. एकोणिसाव्या शतकात सरकारने आणि वसाहत कंपन्यांनी या दऱ्या जर्मन, इटालियन आणि इतर युरोपीय स्थलांतरितांना विकल्या. वाट मोकळी करण्यासाठी ‘बुग्रेइरो’ म्हणजे आदिवासींची शिकार करणाऱ्या टोळ्या पैसे देऊन पोसल्या गेल्या. मारलेल्या माणसांचे कान कापून आणायचे आणि त्यावर मोबदला घ्यायचा, अशी रीत होती. १९१४ मध्ये उरल्यासुरल्या शोक्लेंगांशी सरकारी माणसांचा शांततेचा संपर्क झाला. १९२६ मध्ये त्यांना राखीव जमीन दिली, नंतर तीही कमी होत १४ हजार हेक्टरांवर आली. मग १९७०च्या दशकात इताजाई नदीच्या खालच्या अंगाची शहरे पुरापासून वाचवण्यासाठी याच जमिनीवर एक मोठे धरण बांधायला घेतले. नदीकाठची सपाट, कसदार जमीन त्यात गेली. पूर शहरांत येऊ नये म्हणून तो शोक्लेंगांच्या गावांत अडवायचा, अशी ही योजना. २००३ मध्ये केंद्र सरकारने अखेर मान्य केले, की त्यांचा परंपरागत प्रदेश ३७ हजार हेक्टरांचा आहे. त्यावर राज्य सरकारची पर्यावरण संस्था आणि जमीनधारक कोर्टात गेले. तोच हा खटला.

या खटल्याचे महत्त्व एवढे, की त्याचा निकाल देशातल्या सगळ्या आदिवासी जमिनींना लागू होईल असे सर्वोच्च न्यायालयाने आधीच जाहीर केले होते. २१ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने मार्को तेम्पोराल फेटाळला. ब्रासिलियात पिसांचे मुकुट घालून जमलेले शेकडो आदिवासी तेव्हा रडत, नाचत होते. पुढच्याच आठवड्यात, २७ सप्टेंबरला, मोठ्या जमीनदारांचा वरचष्मा असलेल्या संसदेच्या सिनेटने नेमकी तीच तारीख कायद्यात घालणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्राध्यक्ष लुला दा सिल्वा यांनी त्यातल्या मुख्य तरतुदींवर नकाराधिकार वापरला. डिसेंबरात संसदेने तो नकाराधिकार मोडून काढला. न्यायालयाने घटनाविरोधी ठरवलेली गोष्ट शंभर दिवसांच्या आत कायदा होऊन बसली. आधी आखलेल्या आदिवासी हद्दी पुढे वाढवता येणार नाहीत, असेही त्या कायद्यात घातले. १४ हजारांचे ३७ हजार हेक्टर मागणाऱ्या शोक्लेंगांच्या मानेवरच ते कलम येऊन बसले. या साऱ्या धामधुमीत, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सांता कातारिनात मोठा पाऊस झाला. निकालाला तीन आठवडेही झाले नव्हते. राज्यपालांच्या आदेशावरून पोलिसांच्या बंदोबस्तात धरणाचे दरवाजे बंद करण्यात आले. विरोध करणाऱ्या शोक्लेंगांशी झटापट झाली, काही जण जखमी झाले, पाणी गावांकडे चढले.

तारीख ठरवण्याला माझा सरसकट विरोध नाही. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मलाही कळते. म्हणून या तारखेकडे एकट्याने न पाहता शेजारच्या तारखांसोबत पाहावे. ब्राझीलमध्ये २०१२ साली नवा वनसंहिता कायदा आला. २२ जुलै २००८ पूर्वी ज्यांनी बेकायदा जंगल तोडले होते, त्यांना त्यात मोठ्या प्रमाणावर माफी मिळाली. दंड टळले, तोडलेल्या जागेवर पूर्ववत जंगल उभे करण्याची जबाबदारी हलकी झाली. ॲमेझॉनमधल्या सरकारी जमिनी बळकावून बसलेल्यांना पट्टे देण्यासाठी २००९ मध्ये वेगळा कायदा झाला होता. त्यात १ डिसेंबर २००४ पूर्वीचा ताबा धरला होता. २०१७ मध्ये ती तारीख पुढे सरकवून २२ जुलै २००८ केली. २०१९ च्या डिसेंबरात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या सरकारने अध्यादेश काढून ती २०१४ वर आणायचा प्रयत्न केला. संसदेत तो मुदतीत मंजूर झाला नाही म्हणून गळला, एवढेच. आदिवासींची तारीख १९८८ ला खिळे ठोकून बसवली आहे. बळकावणाऱ्याची तारीख चाकांवर आहे, आणि ती दर काही वर्षांनी पुढे ढकलली जाते. आज रान पेटवून कुंपण घालणाऱ्याला ठाऊक असते, की आपलीही तारीख येईल.

जंगलतोडीचा आणि या सगळ्याचा धागा इथे जुळतो. २३१ व्या कलमाखाली आखलेली जमीन मालकीने केंद्र सरकारची आणि कायम उपभोगाने आदिवासींची असते. ती विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. तिथे झाडे पाडून कुणालाही सातबारा मिळायचा नाही. हद्द न आखलेल्या सरकारी रानात मात्र झाड पाडणे ही गुंतवणूक आहे. मोठी झाडे विकायची, उरलेले जाळायचे, गवत पेरायचे, गुरे सोडायची, कागदावर नोंद करायची आणि माफीची वाट पाहायची. मॅपबायोमास या संशोधकांच्या जाळ्याने १९८५ पासूनची उपग्रहचित्रे तपासली तेव्हा दिसले, की तीन-साडेतीन दशकांत आदिवासी प्रदेशांतले नैसर्गिक आच्छादन सुमारे एक टक्का घटले आणि खासगी जमिनींवरचे सुमारे वीस टक्के. मातो ग्रोसो राज्यात १९६१ साली आखलेला शिंगूचा आदिवासी प्रदेश आज आकाशातून पाहिला तर सोयाच्या उघड्या शेतांनी चहूबाजूंनी वेढलेला हिरवा तुकडा दिसतो. आदिवासी निसर्गाचे भोळे उपासक असतात म्हणून तिथले रान टिकले, असे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही. ज्या जमिनीवर लोकांचा हक्क पक्का आहे आणि जिथे तोडणाऱ्याला मालकी मिळण्याची आशा नाही, तिथे रान टिकते. बोल्सोनारो यांनी निवडणुकीच्या आधीच सांगितले होते, की आदिवासींसाठी एक सेंटिमीटर जमीनही आखली जाणार नाही. २०१९ ते २०२२ ही चार वर्षे त्यांनी तो शब्द पाळला. २०२० च्या एप्रिलमध्ये तर आदिवासी खात्याच्याच एका आदेशाने, अंतिम मंजुरी न मिळालेल्या आदिवासी प्रदेशांच्या आत खासगी जमिनींच्या हद्दी प्रमाणित करून घेण्याची वाट उघडली. २०२१ पर्यंत ॲमेझॉनमधली वार्षिक जंगलतोड १३ हजार चौरस किलोमीटरवर गेली होती. पंधरा वर्षांतला तो सर्वांत मोठा आकडा होता.

सांता कातारिनातल्या शेतकऱ्यांची बाजूही खरी आहे, आणि ती झटकून टाकणे मला मान्य नाही. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी राज्य सरकारकडून किंवा कंपनीकडून पैसे मोजून जमीन घेतली. त्यांच्यातले बरेच जण लहान शेतकरी आहेत, कुणाचे तंबाखूचे, कुणाचे मक्याचे शेत. बुग्रेइरोंच्या पापाची फेड त्यांनी का करावी? त्यांनी करू नये. २०२३ च्या निकालात न्यायालयानेही प्रामाणिकपणे पट्टा घेतलेल्यांना भरपाई देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. पण जी वस्तू आपली नव्हती ती सरकारने विकली, तर हिशेब सरकारने चुकता करायचा असतो. मार्को तेम्पोराल हा हिशेबच मिटवून टाकतो, आणि सरकारची जबाबदारी शेतकरी व आदिवासी यांच्या भांडणात लपून जाते.

आपल्याकडची तारीख आहे १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी वनहक्क विधेयक लोकसभेत मांडले गेले. २००६ च्या कायद्यानुसार त्या दिवसापर्यंत जी वनजमीन कसली जात होती, तिच्यावरचा वैयक्तिक हक्क मान्य होतो. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तर त्याच्या मागची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. ही तारीख मार्को तेम्पोरालसारखी नाही. हक्काची घोषणा ऐकून लोकांनी नवे रान तोडू नये म्हणून ती पुढच्या बाजूला घातलेली रेघ होती, आणि अशी रेघ हवीच होती. कायद्याच्या प्रास्ताविकेत ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे, तीही महत्त्वाची. पण कागद मागणाऱ्यांच्या हातात पडल्यावर तीच रेघ मागच्या बाजूलाही वापरली जाऊ लागली.

पुरावा कसला दाखवायचा? पालघर, नाशिक, नंदुरबारच्या कितीतरी दाव्यांना वनखात्याच्याच जुन्या दंडाच्या पावत्या जोडलेल्या आहेत. अतिक्रमण केले म्हणून साहेबाने पकडले, दंड केला, त्याची पावती घरातल्या पत्र्याच्या पेटीत राहिली आणि तीच पुढे हक्काचा आधार झाली. पण ज्याच्याकडून पावती न देताच पैसे, कोंबडी किंवा तांदूळ घेतला गेला, त्याच्याजवळ काय आहे? रायगडातल्या कातकरी-ठाकरांच्या दळी जमिनी, वर्षावर्षाच्या कराराने दिलेले एकसाली प्लॉट, यांचे कागद तालुक्याच्या दप्तरांत कुठे आहेत ते त्यांनाच शोधावे लागते. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब हा पुरावा आहे, असे कायद्याच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. एका विशिष्ट प्रकारच्या कागदाचाच आग्रह धरायचा नाही, ही दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. तरी म्हाताऱ्याच्या तोंडच्या शब्दापेक्षा उपग्रहाच्या चित्राला वजन दिले जाते. गडचिरोलीतल्या माडियांची पेंदा शेती घ्या. एक तुकडा काही वर्षे कसायचा, मग तो सोडून द्यायचा, की तिथे पुन्हा रान चढावे. २००५ सालच्या चित्रात ते रान हिरवे दिसते, म्हणजे तिथे कुणी नव्हते असा निष्कर्ष निघतो. ज्याने झाडे पूर्ण खणून काढली त्याचा ताबा चित्रात स्पष्ट उमटतो, ज्याने रान परत येऊ दिले त्याचा उमटत नाही. ब्राझील असो की भारत, कायद्याची नजर तोडणाऱ्याला ओळखते आणि राखणाऱ्याला रिकामी जागा समजते. जंगल वाचवण्याच्या दृष्टीनेही याहून उलटी गोष्ट कल्पिता येत नाही.

हे आजचे नाही. इंग्रजांच्या वनकायद्यात, १९२७ च्या आणि त्याआधीच्या १८७८ च्याही, राखीव जंगल घोषित करण्यापूर्वी हरकती मागवण्याची तरतूद होती. १९२७ च्या कायद्यात ती मुदत किमान तीन महिन्यांची आहे. त्या अवधीत जो आपला हक्क सांगणार नाही त्याचा हक्क विझतो. लेखी नोटिशीची भाषा न कळणाऱ्या, पावसाळ्यात तालुक्याशी संपर्क तुटणाऱ्या पाड्यांवर किती जणांपर्यंत त्या हाका पोचल्या असतील? पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट अशा तीन-तीन महिन्यांत संपवली गेली आणि त्यानंतर तिथे राहणारा माणूस अतिक्रमणदार झाला.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून काढण्याचे आदेश राज्यांना दिले. दहा लाखांहून अधिक दाव्यांचा तो प्रश्न होता. केंद्र सरकारचे वकील त्या सुनावणीत प्रभावीपणे उभे राहिले नाहीत, अशी टीका तेव्हा झाली आणि ती योग्य होती. देशभर संताप उसळल्यावर २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्याच्या एक वर्ष आधी, मार्च २०१८ मध्ये, नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात मोठा भाग आदिवासींचा होता आणि त्यांची मुख्य मागणी वनपट्ट्यांची होती. मुंबईकरांनी त्यांचे रक्ताळलेले पाय पाहिले, पाणी-बिस्किटे दिली. पण ते कशासाठी चालत आले, हे शहराला कितपत समजले याची मला शंका आहे. त्यांच्या नावे सरकारी दप्तरात ‘अपात्र’ असा शेरा पडला होता. तो शेरा पुसायला ते आले होते.

आता याच्या शेजारी आपल्याही दुसऱ्या तारखा ठेवून पाहा. २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. २५ ऑक्टोबर १९८० नंतर सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद नसलेली, पण प्रत्यक्षात जंगल असलेली जमीन या दुरुस्तीने कायद्याच्या संरक्षणाबाहेर जाण्याची वाट झाली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सरकारी आदेशाने जी वनजमीन दुसऱ्या कामाला दिली गेली, तीही सुटली. म्हणजे जंगल गेले असेल तर जुनी तारीख ढाल होते, आणि माणसाला जंगलात राहायचे असेल तर जुनी तारीख भिंत होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतरिम आदेश देऊन, शब्दकोशातल्या अर्थाने जे जे जंगल आहे त्याचे संरक्षण तूर्त कायम ठेवले, म्हणून अजून श्वास घ्यायला जागा आहे. त्याआधी २०२२ च्या नियमांनी, वनजमीन वळती करायला केंद्राची मंजुरी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती तपासण्याची अट ढिली करून ती जबाबदारी राज्यांवर ढकलली. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष हर्ष चौहान यांनी हे नियम थांबवावेत असे मंत्रालयाला लिहिले. मंत्रालयाने ऐकले नाही.

एका दिवसाच्या हजेरीशिवाय हक्क ठरवताच येत नाही, असे मानण्याचे कारण नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला; देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे हद्द ठरली ती गाव कुठे गुरे चारते, कुठून बांबू आणि मोह आणते, कुठे देव पुजते, शेजारच्या गावाची शीव कुठे लागते, यावरून. निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या वापरहक्काच्या, जुन्या नोंदी होत्या, पण मुख्य आधार वहिवाटीचा होता. अमुक दिवशी तुम्ही कुठे होता, हे कुणाला विचारावे लागले नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार खुद्द केंद्रीय वनमंत्र्यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिला, आणि ज्या रानातला बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्याला जात होता तो गाव स्वतः विकू लागले. पुढे या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. ब्राझीलच्या २०२३ च्या निकालाने मानलेले तत्त्वही जवळपास हेच आहे: परंपरागत ताबा म्हणजे त्या समाजाच्या रीतीभाती, गरजा आणि जगणे यांनी जमिनीशी जोडलेले नाते, आणि ते त्या समाजाचा अभ्यास करून ठरवायचे. यात वेळ जातो, माणसे लागतात, गावोगाव बसून ऐकावे लागते. सरकारांना तारीख आवडते ती या कष्टातून सुटका होते म्हणून, असा माझा समज होता. ब्राझीलची २००४, २००८ आणि २०१४ ही सरकती तारीख पाहिल्यावर तो समज अपुरा वाटतो. बळकावणाऱ्यासाठी सरकार कितीही कष्ट घेते.

इतक्या वर्षांनी हुसकावलेल्यांना परत नेणे व्यवहारात शक्य नाही, असे याउपर सांगितले जाते. पानारा समाजाचे उदाहरण त्याविरुद्ध उभे आहे. १९७०च्या दशकात लष्करी सरकारने त्यांच्या रानातून कुयाबा ते सांतारेम हा महामार्ग काढला. १९७३ मध्ये बाहेरच्या माणसांशी संपर्क आला आणि दोन वर्षांत साथीच्या रोगांनी बहुतेक समाज संपला. उरलेल्या ७९ जणांना १९७५ मध्ये विमानात घालून शिंगूच्या प्रदेशात, त्यांच्या जुन्या शत्रूंच्या शेजारी नेऊन सोडले. वीस वर्षे ते तिथे परक्यासारखे राहिले. १९९०च्या दशकात त्यांच्यातले काही वडीलधारे जुनी जागा पाहायला गेले. बरीच जमीन सोन्याच्या खाणकामाने आणि गुरांच्या कुरणांनी उद्ध्वस्त झाली होती, पण एका बाजूला रान शिल्लक होते. त्यांनी तेवढ्याचा दावा केला, तिथे परतून गाव वसवले, आणि सुमारे पाच लाख हेक्टरांची हद्द आखून घेतली. झालेल्या नुकसानीबद्दल सरकारने त्यांना भरपाई द्यावी, असा निकालही त्यांनी मिळवला. आज ते काही शे आहेत आणि त्यांच्या हद्दीतले रान उभे आहे. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी यांपैकी कुणीही त्या जमिनीवर नव्हते. ते परत गेले तेव्हा मार्को तेम्पोराल कायद्यात नव्हता. २०२३ च्या डिसेंबरात तो आला.